साडेतीन तारे आणि उरलेला वाद

चित्रपटाला गुण देणे आणि चित्रपटाविषयी वाद घालणे या दोन गोष्टी हल्ली जोडीनेच होत असल्या, तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. गुण देणारा प्रेक्षक आपला निकाल एका आकड्यात बांधून मोकळा होतो. वाद घालणाऱ्याला मात्र तो निकाल दुसऱ्याला पटवायचा असतो, आणि त्यासाठी पडद्यावर नेमके काय घडले, ते कसे दाखवले गेले आणि त्यातले काय भिडले किंवा खटकले, हे त्याला शब्दांत मांडावे लागते. शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ सुटतो न सुटतो तोच नव्या चित्रपटाचे तारे, टक्के आणि दशांश चिन्हासह गुण सर्वत्र फिरू लागतात, आणि तिकीट काढायचे की नाही हे त्यांवरून ठरवणारे प्रेक्षक पुष्कळ असतात. हे आकडे कोणाला विचारून काढलेले असतात आणि त्यांवर कोणते गणिती संस्कार झालेले असतात, याची माहिती मात्र ते वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. त्यामुळे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असलेले आकडे एकाच मोजपट्टीवरचे समजून वाचले जातात आणि अर्धे वाद तिथेच चुकीच्या वाटेला लागतात.

ताऱ्यांची पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात ३१ जुलै १९२८ रोजी आयरीन थायरर या समीक्षक स्त्रीने आपल्या परीक्षणासोबत तारे द्यायला सुरुवात केली. तीन तारे म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे सामान्य आणि एकही तारा नसला तर चित्रपट वाईट, असे ते सुटसुटीत कोष्टक होते आणि ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या मूकपटाच्या वाट्याला त्यात एक तारा आला. कामावर जाता जाता वर्तमानपत्र चाळणाऱ्या वाचकाची ती सोय होती, आणि सोय म्हणून ती आजही उपयोगाचीच आहे. मात्र १९५१ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ‘काइए द्यू सिनेमा’ या मासिकाने १९५५ पासून हेच तारे अगदी निराळ्या कामाला लावले. ‘दहा जणांचे मंडळ’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली तिथे एक तक्ता छापला जाई, ज्यात उभ्या रकान्यांत दहा समीक्षकांची नावे आणि आडव्या ओळींत त्या महिन्याचे चित्रपट असत. चार तारे म्हणजे श्रेष्ठ कलाकृती, एक तारा म्हणजे वेळ असेल तर पाहावा आणि काळा ठिपका म्हणजे जाण्याची तसदी घेऊ नये, अशा खुणा प्रत्येकाच्या नावाखाली पडत. या तक्त्याचा खरा गुण असा की त्यात दहा मतांची बेरीज करून सरासरी काढण्याचा हेतू नव्हता. एकाच चित्रपटाला एका समीक्षकाने चार तारे आणि शेजारच्याने काळा ठिपका दिलेला वाचकाला एका नजरेत दिसे, कोणाची आवड कोणत्या दिशेची आहे हे महिनोन्महिने तक्ता पाहून त्याच्या ध्यानात येई, आणि मतभेद झाकला न जाता उघडा राही.

भारतातही प्रेक्षकाचा सवाल-जवाबाचा हक्क जुना आहे. मुंबईहून १९३५ मध्ये बाबूराव पटेल यांनी सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकातील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी पाने आणि त्यांची जहाल परीक्षणे यांवर देशभरचे सिनेरसिक तुटून पडत. अमेरिकेत शिकागोच्या दोन प्रतिस्पर्धी दैनिकांचे समीक्षक, जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट, १९७५ पासून दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसून नव्या चित्रपटांवर बोलू लागले आणि पुढे वर किंवा खाली केलेला अंगठा ही त्यांच्या निकालाची खूण सर्वतोमुखी झाली. तरी त्या कार्यक्रमाची गोडी अंगठ्यात कमी आणि दोघांचे जमत नसे तेव्हाच्या चकमकीत जास्त होती, कारण दोन जाणकार माणसे एकच दृश्य पाहून उलट निष्कर्षांवर कशी पोहोचतात, हे सामान्य प्रेक्षकाला तिथे घरबसल्या पाहायला मिळे.

आज ज्या आकड्याचा हवाला बोलण्याच्या ओघात सर्वांत सहज दिला जातो, तो ‘आयएमडीबी’चा होय. इंग्लंडमधील कॉल नीडम या चित्रपटवेड्या संगणकतज्ज्ञाने आणि त्याच्यासारख्या हौशी मंडळींनी नट, नट्या व दिग्दर्शक यांच्या याद्या एकत्र करून १९९० मध्ये या माहितीसंग्रहाची सुरुवात केली आणि १९९८ मध्ये तो ‘अ‍ॅमेझॉन’ कंपनीने विकत घेतला. नाव नोंदवलेली कोणीही व्यक्ती तिथे चित्रपटाला १ ते १० यांपैकी गुण देऊ शकते. या सगळ्या गुणांची साधी सरासरी काढली तर दिग्दर्शकाच्या वीस नातेवाइकांनी दहापैकी दहा दिलेला चित्रपट जगातला सर्वश्रेष्ठ ठरेल, ही अडचण उघड आहे. ती टाळण्यासाठी सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीकरिता या संकेतस्थळाने भारित सरासरीचे एक सूत्र प्रसिद्ध केले. भारित सरासरी म्हणजे जीत प्रत्येक घटकाला सारखे वजन मिळत नाही अशी सरासरी. या सूत्राचा आशय सोप्या भाषेत असा सांगता येईल, की प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधीपासूनच २५,००० काल्पनिक मते जमा आहेत असे धरायचे, आणि ती मते सर्व चित्रपटांच्या सर्वसाधारण सरासरीइतकी, समजा ७ गुणांची, मानायची. खरी मते जसजशी वाढत जातात तसतसे त्या काल्पनिक मतांचे वजन घटत जाते.

उदाहरण घेतले तर हे लगेच स्पष्ट होते. एखाद्या चित्रपटाला ५,००० जणांनी सरासरी ९ गुण दिले असतील, तर ५,००० खरी आणि २५,००० काल्पनिक मते मिळून त्याचा आकडा सुमारे ७.३ इतकाच भरतो. मते २५,००० झाली तर तो ८ होतो आणि २,२५,००० झाली तर ८.८ पर्यंत चढतो. प्रेक्षकांनी दिलेले गुण तिन्ही वेळा ९च आहेत, बदलली आहे ती केवळ मतांची संख्या. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक थॉमस बेझ याच्या संभाव्यताविचारावर आधारलेली ही रीत गणित म्हणून निर्दोष आणि समंजस आहे, कारण थोड्या मतांवर पूर्ण विश्वास टाकू नये एवढेच ती सांगते. पण तिचा एक परिणाम मराठी प्रेक्षकाने नीट समजून घ्यावा असा आहे: ज्या भाषेतील चित्रपट मुळात कमी लोक पाहतात, त्या भाषेतील उत्तम चित्रपटही या यादीच्या दृष्टीने सदैव मध्याकडे ओढला जातो. जागतिक यादीत एखादा मराठी चित्रपट दिसत नाही, याचा अर्थ तो त्या यादीतल्या चित्रपटांहून कमी प्रतीचा आहे असा काढता येत नाही.

या यादीच्या शिखरावर वर्षानुवर्षे ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा १९९४ चा चित्रपट आहे. प्रदर्शनाच्या वेळी तो तिकीटबारीवर पडला, ऑस्करची सात नामांकने मिळूनही त्याला एकही बाहुली मिळाली नाही, आणि पुढे व्हिडिओ कॅसेट व दूरचित्रवाणीवरील पुनःपुन्हा झालेल्या प्रक्षेपणांतून घराघरांतल्या प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले. प्रेक्षकांच्या दीर्घकालीन मताला समीक्षकांच्या व बाजाराच्या पहिल्या निकालाविरुद्ध दाद मागता येते, याचे हे सुंदर उदाहरण आहे. मात्र तो पहिल्या स्थानावर स्थिरावला त्यामागे दुसरीही एक गोष्ट होती. जुलै २००८ मध्ये ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या चाहत्यांनी त्याला दहा-दहा गुण देऊन पहिल्या क्रमांकावर नेले आणि सोबत, तोवर अग्रस्थानी असलेल्या ‘द गॉडफादर’ला एक-एक गुण देऊन खाली खेचले, ‘गॉडफादर’च्या चाहत्यांनी त्याच मार्गाने उत्तर दिले, आणि या हाणामारीत दोन्ही चित्रपटांचे आकडे घसरून तिसराच वर राहिला. एक गुण देणाऱ्या त्या हजारो माणसांपैकी कितीकांचे ‘गॉडफादर’विषयी खरोखर ते मत होते, हा प्रश्न विचारण्याची सोय आकड्यात नसते.

‘रॉटन टोमॅटोज’ या १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या संकेतस्थळाचे टक्के तर वारंवार गुणांसारखे वाचले जातात, आणि तो निव्वळ गैरसमज आहे. तिथे प्रत्येक समीक्षकाचे परीक्षण एकंदरीने अनुकूल आहे की प्रतिकूल एवढेच ठरवले जाते आणि अनुकूल परीक्षणांचे शेकडा प्रमाण जाहीर होते. ते ६० किंवा त्याहून जास्त असले तर चित्रपट ‘ताजा’, नाहीतर ‘सडका’. दहा समीक्षकांपैकी प्रत्येकाने ‘बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही’ असे म्हटले तर त्या चित्रपटाला शंभर टक्के मिळतात, आणि सात जणांनी ‘दशकातली सर्वोत्तम कलाकृती’ व तिघांनी ‘असह्य’ असे म्हटले तर सत्तर. कोणालाही न दुखावणारा चित्रपट या पद्धतीत वर चढतो आणि धाडसी, माणसे दुभंगवणारा चित्रपट खाली राहतो, म्हणून शंभर टक्क्यांचा अर्थ ‘फार चांगला’ असा न घेता ‘फारसा कोणाला न खटकलेला’ असा घेणे अधिक बरोबर.

लास व्हेगासमधील ‘सिनेमास्कोर’ ही संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिसराच प्रश्न विचारत आली आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री निवडक चित्रपटगृहांच्या दाराशी तिची माणसे प्रेक्षकांना एक छोटे कार्ड देतात, त्यावर शाळेतल्याप्रमाणे ए ते एफ अशी श्रेणी नोंदवायची असते, आणि सोबत वय, लिंग व येण्याचे कारणही. पहिल्या रात्री पदरचे पैसे मोडून येणारा प्रेक्षक काही अपेक्षा धरूनच आलेला असतो, त्यामुळे ही श्रेणी चित्रपटाच्या दर्जाची नसून अपेक्षापूर्तीची असते. डॅरेन अ‍ॅरोनॉफस्की यांच्या २०१७ च्या ‘मदर!’ला या संस्थेकडून एफ ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली, तर समीक्षकांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी त्याला अनुकूल कौल दिला होता. जाहिराती पाहून भयपटाच्या अपेक्षेने आलेल्या माणसांपुढे बायबलच्या कथांवर रचलेले, सोसायला जड असे रूपक उलगडले, आणि फसवणूक झाल्याची त्यांची भावना खोटी नव्हती. समीक्षकांचे कौतुकही खोटे नव्हते. दोन निकाल दोन वेगळ्या प्रश्नांचे होते.

ऑकलंड येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘लेटरबॉक्स्ड’ने या बाबतीत थोडी चांगली वाट पाडली, असे म्हणावे लागते. पाहिलेल्या चित्रपटांची दैनंदिनी हा तिचा पाया आहे, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत श्रेणी देता येते, आणि सरासरीच्या शेजारीच कोणत्या श्रेणीला किती मते पडली हे दाखवणारा स्तंभालेख असतो. हा छोटासा आलेख महत्त्वाचा आहे. शंभर जणांनी सहा-सहा गुण दिले काय आणि पन्नास जणांनी दहा व पन्नास जणांनी दोन दिले काय, सरासरी सहाच येते; पहिला चित्रपट विसरला जाण्याची शक्यता मोठी आणि दुसऱ्यावर वर्षभर भांडणे होण्याची, पण हे सरासरीतून कळत नाही, आलेखातून कळते.

मते देणारे कोण, हा प्रश्न किती निर्णायक असतो हे ‘गुंडे’ या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. रणवीर सिंग, अर्जुन कपूर आणि प्रियांका चोप्रा यांच्या भूमिका असलेला, अली अब्बास जफर दिग्दर्शित हा यशराज फिल्म्सचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कोलकात्यातील दोन कोळसा-माफियांची ती सरधोपट मसालेदार कथा. परंतु तिच्या आरंभीच्या निवेदनात १९७१ च्या युद्धाचे वर्णन भारत आणि पाकिस्तान यांच्यातील युद्ध एवढेच होते आणि त्यातून बांगलादेश नावाचा नवा देश जन्माला आला असे सांगितले होते. मुक्तियुद्धात लाखो माणसे गमावलेल्या, मुक्तिवाहिनीच्या लढ्याला राष्ट्राचा पाया मानणाऱ्या बांगलादेशी तरुणांना हा आपल्या इतिहासाचा अपमान वाटला, आणि समाजमाध्यमांवरून साद घालून त्यांनी आयएमडीबीवर या चित्रपटाला एक-एक गुण देण्याची मोहीम उघडली. काही आठवड्यांतच चव्वेचाळीस हजारांहून अधिक मते जमली, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मते एका गुणाची होती, आणि सुमारे १.४ गुणांसह ‘गुंडे’ त्या संग्रहातील सर्वांत वाईट चित्रपट ठरला. निर्मात्यांनी बांगलादेशच्या नागरिकांची माफी मागितली. या लोकांचा राग समजण्यासारखा होता आणि त्यांचे म्हणणे ऐकले जायला हवेच होते. परंतु ते इतिहासाविषयीचे म्हणणे होते, आणि चित्रपटाच्या पटकथेविषयी, छायाचित्रणाविषयी, अभिनयाविषयी असलेल्या आकड्यात ते ओतले गेल्यामुळे तो आकडा चित्रपटाविषयी काहीच सांगेनासा झाला. एक गुण देण्याऐवजी निवेदनातील ते वाक्य उद्धृत करून चार ओळी लिहिणाऱ्यांनी त्याच रागाचे अधिक टिकाऊ काम केले.

अशा संघटित हल्ल्याला आता ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ असे नाव रूढ झाले आहे आणि त्याची उलट बाजूही, म्हणजे मुद्दाम वाढवलेले गुण, तितकीच परिचित आहे. ही उलट बाजू जास्त चिवट असते, असे मानायला आधार आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बातम्यांवरील वाचकांच्या अभिप्रायांना यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, एकेक अनुकूल किंवा प्रतिकूल मत आरंभीच चिकटवण्यात आले. खोट्या प्रतिकूल मताचा परिणाम पुढच्या वाचकांनी भरून काढला, पण एका खोट्या अनुकूल मतामुळे त्या अभिप्रायांची अंतिम श्रेणी सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. हा प्रयोग चित्रपटांवरचा नव्हता, तरी गुरुवारी रात्री खास खेळ ठेवून ‘साडेचार तारे’ मिळवण्याची निर्मात्यांची धडपड कशासाठी असते, याचा उलगडा त्यातून होतो.

दक्षिणेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. चित्रपट प्रदर्शित होताच मोबाइलवर ध्वनिचित्रफीत टाकून तो आपटवला जातो, आणि तसे न करण्यासाठी पैसे मागितले जातात, अशा तक्रारी केरळमधील चित्रपटसृष्टीतून आल्या. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात कोची पोलिसांनी याबाबत गुन्हा नोंदवला, आणि उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने पुढील वर्षी, प्रदर्शनानंतरच्या ४८ तासांत अशी परीक्षणे टाळावीत असे सुचवले. तमिळ निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांसाठी परीक्षणांवर बंदी मागितली तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. खंडणी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कायदे आहेत; परंतु तिकीट काढून आलेल्या माणसाने बाहेर पडताच ‘इंटरव्हलनंतर पार ढेपाळला’ असे म्हणण्यावर घड्याळ लावणे कोणत्याही कलेच्या हिताचे नाही. चहाच्या टपरीवर जे बोलता येते ते मोबाइलवर बोलण्यासाठी दोन दिवस थांबावे लागू नये.

आकड्यांच्या या पसाऱ्यापूर्वी, आणि त्याच्याशी समांतर आजही, चित्रपटाविषयी बोलण्याची एक वेगळी शिस्त या देशात फिल्म सोसायट्यांनी रुजवली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली, जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने ‘बायसिकल थीव्ह्ज’सारखे चित्रपट इथल्या प्रेक्षकांसमोर आणले, १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने हे काम मराठी प्रेक्षकांमध्ये केले आणि ‘वास्तव रूपवाणी’ या आपल्या नियतकालिकातून चित्रपटावरचे मराठी लेखन जोपासले. सभासदांनी वार्षिक वर्गणी भरायची, वकिलातींकडून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून रिळे मिळवायची, आणि खेळ संपला की थांबून बोलायचे, अशी ही साधी रचना होती. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या दाखल्यातून सूट असल्यामुळे केवळ न कापलेली दृश्ये पाहायला येणारेही सभासद होते, हे त्या चळवळीतल्याच माणसांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. पण त्यांच्याही शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी दृश्याच्या जुळणीबद्दल, आवाजाबद्दल, दोन पात्रांमधल्या अंतराबद्दल बोलणारा असे, आणि ऐकणाऱ्याची नजर न कळत तयार होई. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचे अध्यापन करणारे प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’सारखा चित्रपट दृश्यागणिक उलगडून शिकवीत, फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय मिळून चालवीत असलेल्या उन्हाळी रसास्वाद वर्गांतून बाहेर पडलेल्या माणसांनी महाराष्ट्रातील कितीतरी शहरांत अशी मंडळे चालवली.

या शिस्तीने केलेला वाद आकड्याला कुठे मागे टाकतो, ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’कडे जवळून पाहिले की कळते. व्हेनिस महोत्सवात २०१४ मध्ये दोन पुरस्कार आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणाऱ्या या चित्रपटाविषयी ‘फार संथ’ आणि ‘अप्रतिम’ असे दोन्ही शेरे सहज ऐकू येतात. चित्रपटाच्या अखेरीस उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते. कॅमेरा जागचा हलत नाही, माणसे निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. इथे चित्रपट संपला असे प्रेक्षकाला वाटते. पण तो संपत नाही. पुढे त्याच न्यायालयाचे न्यायाधीश नातेवाइकांसह सहलीला गेलेले दिसतात, एका लहान मुलाच्या अडचणीवर नाव बदलण्याचा आणि अंगठीचा सल्ला देतात, नंतर बागेतल्या बाकावर डुलकी घेत असताना पोरे ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा पेंगू लागतात. काळोखाच्या क्षणी चित्रपट थांबायला हवा होता काय? हो म्हणणाऱ्याच्या मते तिथे न्यायव्यवस्थेविषयीचे विधान पूर्ण झालेले असते आणि पुढचे दृश्य एका व्यक्तीकडे बोट दाखवून ते लहान करते. नाही म्हणणाऱ्याच्या मते काळोखाला व्यवस्थेचे नाव देऊन प्रेक्षक सुटला असता. अंगठीवर विश्वास ठेवणारा, घरच्या माणसांत रमणारा, सहज हात उगारणारा हा साधा गृहस्थच सुट्टीनंतर खुर्चीवर बसून कोणाच्या तरी जामिनाचा निर्णय करणार आहे, हे पाहिल्याशिवाय चित्रपट अपुरा राहतो. दुसरी बाजू अधिक बळकट आहे, कारण संपूर्ण चित्रपटात दिग्दर्शकाने वकिलांनाही न्यायालयाबाहेर, घरी आणि खाण्याच्या टेबलावर, असेच दाखवलेले असते आणि न्यायाधीशांचे दृश्य ती रचना पूर्ण करते. पण हे कारण सापडण्यासाठी पहिल्या बाजूचा आक्षेप आधी कोणीतरी घ्यावा लागतो, आणि दोघांनीही चित्रपटाला चार-चार तारे दिलेले असू शकतात.

नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’विषयी गावोगाव जे बोलले गेले त्यातही हेच घडले. पूर्वार्धातली अजय-अतुल यांची गाणी, विहिरीतल्या उड्या, ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची यांनी वेड लागलेला प्रेक्षक आणि हैदराबादच्या वस्तीतला रखडता संसार पाहताना अस्वस्थ झालेला प्रेक्षक हा अनेकदा एकच माणूस होता. त्याने पूर्वार्धाला नऊ आणि उत्तरार्धाला सहा गुण देऊन साडेसात हा आकडा काढला, तर त्या आकड्यात चित्रपटाची रचनाच हरवते, कारण पूर्वार्धाने लावलेली गोडी हीच उत्तरार्धाच्या आघाताची तयारी आहे. जातीचे वास्तव दाखवण्यासाठी व्यावसायिक सिनेमाची भाषा वापरावी की नाही, या प्रश्नावर त्या वर्षी ज्या घरांत, कट्ट्यांवर आणि महाविद्यालयांत वाद झाले, त्यांतल्या कित्येकांनी तोवर चित्रपटाच्या रचनेविषयी कधी विचारही केला नव्हता.

मतांची मोजणी आणि वाद यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न मात्र सात दशके टिकून आहे. लंडनचे ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून प्रत्येकी दहा सर्वश्रेष्ठ चित्रपटांची नावे मागवते. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’, नंतर १९६२ ते २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ आणि २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ अग्रस्थानी आला; २०१२ मध्ये ८४६ मतदार होते, २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतील आणि वयोगटांतील माणसांचा समावेश करून ते १,६३९ झाले, आणि शान्ताल अकेरमान यांचा ‘जान दिएलमान’ हा १९७५ चा, एका गृहिणीची तीन दिवसांतली घरकामे तीन तास एकवीस मिनिटे दाखवणारा चित्रपट पहिला आला. पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांच्यासारख्यांनी या उडीवर जाहीर आक्षेप घेतला, इतरांनी तिचे स्वागत केले. याच पाहणीत ‘पथेर पांचाली’ पस्तिसाव्या स्थानी आहे. ही पाहणी उपयुक्त ठरते ती तिच्या क्रमांकांपेक्षा एका वेगळ्या प्रथेमुळे: कोणत्या मतदाराने कोणती दहा नावे दिली आणि त्यांविषयी काय लिहिले, हे नावानिशी प्रसिद्ध केले जाते. त्यामुळे पस्तिसाव्या क्रमांकाशी भांडण्याऐवजी, ‘पथेर पांचाली’ निवडणाऱ्या किंवा वगळणाऱ्या एखाद्या विशिष्ट समीक्षकाची उरलेली नऊ नावे समोर ठेवून, त्याच्या आवडीशी भांडता येते.